प्रति: 'सत्ता चालवा' आणि 'राखण करा'

वर कुणीतरी लिहिलंय की बायबलनेच माणसाला सृष्टीवर सत्ता दिली, त्यामुळे चर्चने आता पर्यावरणाबद्दल बोलणं म्हणजे उशिरा सुचलेलं शहाणपण. मी पुण्यातली कॅथलिक, म्हणून थोडी भर घालते.

'सत्ता चालवा' हे बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे, खरं. पण दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत व राखण करायला. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात नेमकं यावरच बोट ठेवलं: सत्तेचा अर्थ मनमानी लूट असा लावणं चूक. आणि सुरुवात त्यांनी केलेली नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून 1979 मध्येच जाहीर केलं होतं, ते पोप दुसरे जॉन पॉल यांनी.

मला त्या परिपत्रकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश त्यात वेगळे काढलेले नाहीत. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की मुठा नदीकाठी आधी कुणाची चूल विझते, हे आपण दर पावसाळ्यात बघतो. डोंगरउतारावरच्या सोसायटीतल्यांची नक्कीच नाही. त्यामुळे झाडं लावणं चांगलंच (आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्येही लावतो), पण ओढे बुजवून बांधकामं होतात तेव्हा गप्प बसलो तर राखण कसली? सप्टेंबरच्या 1 तारखेपासून 4 ऑक्टोबरपर्यंत चर्चमध्ये सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ असतो. यंदा त्यात नदीकाठच्या कुटुंबांना बोलावून त्यांचं ऐकावं, असं मी आमच्या फादरांना सुचवलंय.