शब्दचर्चा : ॲलिसची नगरी ‘अद्भुत’ की ‘नवलाची’?

प्रश्न : लुइस कॅरल यांच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या इंग्रजी बालकादंबरीतील ‘वंडरलँड’साठी मराठीत कोणी ‘अद्भुतनगरी’ लिहितो, तर कोणी ‘नवलनगरी’. हा केवळ आवडीनिवडीचा फरक आहे, की अर्थाचाही?

प्रतिसाद : फरक अर्थाचा आहे, आणि तो कळण्यासाठी या पुस्तकातील नवलाई कोठून आली हे आधी पाहावे लागते. ‘अद्भुत’ हा नवरसांपैकी एक. त्याचा स्थायिभाव विस्मय, आणि तो जागवणाऱ्या गोष्टी बहुधा दिव्य किंवा अलौकिक असतात. या पुस्तकात वर नाही, शाप नाही, मंत्र नाही आणि परीही नाही. तेथील काही पात्रे तर थेट बोलीभाषेतून उठून आलेली आहेत. ‘टोप्या करणाऱ्यासारखा वेडा’, ‘मार्चमधल्या सशासारखा वेडा’, ‘चेशरच्या मांजरासारखा दात दाखवून हसणारा’ हे इंग्रजी वाक्प्रचार पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी होते. लेखकाने त्यांतला ‘सारखा’ काढून टाकला, आणि उपमान म्हणून आलेले प्राणी व माणसे चहाच्या टेबलाशी येऊन बसली. आपल्या ‘उंटावरच्या शहाण्या’ला कोणी खरोखरीच्या उंटासकट गोष्टीत आणून बसवले, तर जे होईल तेच येथे झाले आहे.

याहून सुंदर उदाहरण ‘मॉक टर्टल’चे आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये कासवाचे सूप महाग असे, म्हणून वासराच्या डोक्यापासून त्याची नक्कल केली जाई. ‘मॉक टर्टल सूप’ या त्या पदार्थाच्या नावाचा सरळ विग्रह ‘कासवाच्या सूपाची नक्कल’ असा होतो. लेखकाने तोच सामासिक शब्द दुसऱ्या जागी तोडला आणि ‘नकली कासवाचे सूप’ असा विग्रह केला. मग नकली कासव नावाचा प्राणी अस्तित्वात असणे भागच पडले. पुस्तकाचे चित्रकार जॉन टेनिएल यांनी त्याचे चित्र काढताना कासवाच्या अंगाला वासराचे डोके आणि खूर जोडले. एका समासाच्या चुकीच्या विग्रहातून जन्मलेला प्राणी मला दुसऱ्या कोणत्याही बालसाहित्यात आढळलेला नाही. नेहमीचाच शब्द नव्याने पाहिल्यामुळे जे वाटते ते ‘नवल’, आणि या शब्दाच्या मुळाशी ‘नव’ आहेच. म्हणून माझे मत ‘नवल’च्या बाजूचे आहे.

‘नगरी’ऐवजी ‘कहाणी’ म्हणण्यालाही आधार आहे. देवदत्त नारायण टिळकांनी ॲलिसला मराठीत आणताना तिला ‘जाई’ केले आणि पुस्तकाला ‘जाईची नवलकहाणी’ हे नाव दिले. कहाणी ही मुळात सांगायची आणि ऐकायची गोष्ट, आणि मूळ कथाही तशीच जन्मली. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन, म्हणजेच पुढचे लुइस कॅरल, रॉबिन्सन डकवर्थ या मित्रासह लोरिना, ॲलिस आणि ईडिथ या तीन लिडेल बहिणींना होडीतून टेम्सवर गॉडस्टोपर्यंत घेऊन गेले आणि वल्ही मारता मारता त्यांनी ही गोष्ट रचली. दहा वर्षांच्या ॲलिसने ती लिहून देण्याचा आग्रह धरला. १८६४ च्या नोव्हेंबरात तिला भेट मिळालेल्या हस्तलिखिताच्या नावात ‘वंडरलँड’ नव्हते, ‘जमिनीखाली’ एवढेच होते. त्यात चेशरचे मांजर नव्हते आणि वेड्यांची चहापार्टीही नव्हती; वाक्प्रचारांतून आलेली ही मंडळी १८६५ च्या छापील पुस्तकात, म्हणजे नव्या नावाबरोबरच आली.

‘नवल’ या शब्दात एक उणीव मात्र राहते. इंग्रजी ‘वंडर’ हे क्रियापदही आहे, आणि ‘असे का बरे असेल?’ हा कुतूहलाचा अर्थ त्यात भरलेला आहे. ॲलिस पानोपानी त्याच अर्थाने तो शब्द उच्चारते. आपल्याकडे नवल ‘वाटते’, कुतूहल ‘असते’. दोन्हींना सामावणारा एक शब्द मला सापडलेला नाही.

उपप्रश्न : त्या चहापार्टीत ‘डॉरमाउस’ या उंदरासारख्या झोपाळू प्राण्याने सांगितलेल्या गोष्टीतील तीन बहिणी ‘ट्रीकल’च्या विहिरीत राहतात. तेथे ‘काकवी’ चालेल का?

प्रतिसाद : चालेल, पण थोडा अर्थ गळेल. ‘ट्रीकल’चे मूळ ग्रीक ‘थेरियाके’, म्हणजे विषारी प्राण्यांच्या दंशावरील औषध. पुढे कोणत्याही गुणकारी औषधाला आणि शेवटी साखरेच्या पाकाला तो शब्द लागला. ऑक्सफर्डजवळच्या बिन्झी गावात संत फ्रिड्झवाइडची रोग बरे करणारी विहीर आहे, तिला जुन्या अर्थाने ‘ट्रीकल’ची विहीर म्हणत, आणि लिडेल मुलींना ती ठाऊक होती. त्यांचे वडील प्रसिद्ध ग्रीक-इंग्रजी कोशाचे एक कर्ते होते, हेही येथे आठवते. गोड आणि औषधी असे दोन्ही अर्थ मराठीत ‘अवलेह’ या शब्दात आहेत. परंतु तो मुलांच्या कानांना परका आहे आणि काकवी त्यांच्या जिभेला माहीत आहे, म्हणून मी ‘काकवीची विहीर’ असेच लिहीन.