एकाच हाताने गेम कंट्रोलरवरून माउस चालवायचाय, वडिलांसाठी

परळची_लेक

नमस्कार. अण्णांसाठी विचारतेय. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात अजून साथ देत नाही. डावा ठीक आहे, पण पलंगावरच्या पाटावर माउस घसरतो आणि क्लिक करायला गेलं की कर्सर भलतीकडे जातो. चाळीतल्या खोलीत टेबलखुर्चीला जागा नाही, म्हणून कॉम्प्युटर टीव्हीला जोडलाय. सकाळी ई-पेपर आणि दुपारी लिचेस या वेबसाइटवर बुद्धिबळ, हा त्यांचा दिवस. गिरणीत असताना ते संघातून खेळायचे. आता ते चाल सांगतात आणि मी खेळते, पण घड्याळ लावलेल्या डावात ते जमत नाही. शिवाय दुसऱ्याच्या हातून खेळणं त्यांना मनापासून आवडत नाही. हा खेळ त्यांच्याकडून सुटू नये असं मला फार वाटतं.

भावाचा एक्सबॉक्स ३६० चा वायरवाला कंट्रोलर माळ्यावर आहे. सगळीकडे डाव्या स्टिकने, म्हणजे अंगठ्याने कलवायच्या छोट्या दांडीने कर्सर आणि उजव्या बटणांनी क्लिक असंच सांगतात. सगळं डावीकडेच आणता येईल का? विंडोज १० आहे.

पॅड_दुरुस्ती

ताई, येईल. मी लॅमिंग्टन रोडला कंट्रोलर दुरुस्त करतो, आणि अशा कामासाठी वायरवाला पॅड मला ब्लूटूथपेक्षा बरा वाटतो. चार्जिंगची कटकट नाही, मधेच कनेक्शन तुटत नाही.

अँटीमायक्रोएक्स हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. पॅडच्या बटणांना माउस-कीबोर्डची कामं ते देतं. त्यात डाव्या स्टिकला माउस द्या. डावा क्लिक एलबीवर, म्हणजे तर्जनीखालच्या वरच्या बटणावर. उजवा क्लिक त्याच्याच खालच्या एलटी ट्रिगरवर. स्टिकच्या खाली डी-पॅड, म्हणजे चार दिशांचं फुलीसारखं बटण आहे, त्याच्या वर-खालीला माउसचं चाक द्या, ई-पेपर त्यावर सरकेल. स्टिक आत दाबूनही क्लिक देता येतो, पण तो देऊ नका. दाबताना अंगठा थोडा कलतोच आणि कर्सर प्याद्यावरून घसरतो. तुमची मूळ अडचण तीच आहे.

माउस जितका हलवाल तितका कर्सर हलतो. स्टिकचं तसं नाही. ती जितकी कलवाल तितका कर्सरचा वेग, आणि अंगठा सोडला की कर्सर आहे तिथेच थांबतो. सुरुवातीला हे विचित्र वाटतं. म्हणून वेग अगदी कमी ठेवून सुरू करा, अण्णा कंटाळले की वाढवा.

पॅड बरीच वर्षं माळ्यावर असेल तर आधी तपासा. विंडोज आणि आर दाबून इंग्रजीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाका आणि यादीतल्या पॅडची प्रॉपर्टीज उघडा. स्टिकला हात न लावता खूण मध्यापासून हलत असेल तर आतले पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती कलली ते मोजणारे घासते भाग झिजलेत किंवा धूळ बसलीय. थोडंच असेल तर अँटीमायक्रोएक्समध्ये डेड झोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल मोजायचीच नाही तो भाग, वाढवून भागतं. जास्त असेल तर स्टिकचा भाग बदलावा लागेल. नवीन घ्यायची वेळ आली तर हॉल इफेक्ट स्टिकवाला घ्या. त्यात चुंबक असतं, घासणारा भागच नसतो.

माहीम_फिजिओ

एक गोष्ट राहिली. हा पॅड दोन हातांनी धरायचा असतो. एका हातात तो फिरतो आणि मनगट ताणलं जातं. पाटावर ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी ठेवा आणि पॅड वेल्क्रोने पक्का करा. पुढची बाजू दुमडलेल्या नॅपकिनवर उचलून ठेवा, म्हणजे बोट एलबीपर्यंत सहज पोचेल. कोपराखाली उशी हवीच. उजवा हातही पाटावरच राहू दे, पलंगाखाली लोंबकळता नको. त्या हाताचे व्यायाम तुमच्या थेरपिस्टना विचारून चालू ठेवा, पॅड जमला म्हणून थांबवू नका.

घोड्याची_अडीच_घरं

लिचेसच्या सेटिंग्जमध्ये मोहरा ओढून नेण्याऐवजी दोन घरांवर क्लिक करून चाल खेळण्याचा पर्याय आहे, तो निवडा. बटण दाबून धरायची गरजच उरत नाही. प्याद्याचा आपोआप वजीर होईल तेही चालू करा. १५+१० किंवा ३०+२० चे डाव खेळू द्या, म्हणजे १५ मिनिटं आणि चालीला १० सेकंद, किंवा ३० मिनिटं आणि २० सेकंद. प्रत्येक चालीला हे सेकंद वाढून मिळतात, त्यामुळे हात हळू चालला तरी डाव हातचा जात नाही.

परळची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. जाळी आणि वेल्क्रो दोन्ही लावलं. स्टिक किंचित डावीकडे ओढत होती, डेड झोन वाढवल्यावर थांबली. अण्णा आज ३०+२० चा अख्खा डाव स्वतः खेळले, आणि मी ओट्यापाशी होते! हरले, पण लगेच दुसरा लावला.

आता दोन प्रश्न. टाइप कसं करायचं? आणि मधेच एक परवानगीची खिडकी आली, तिथे पॅड चालेना.

पॅड_दुरुस्ती

वा, ताई! अण्णांना नमस्कार सांगा.

ती खिडकी विंडोज मुद्दाम वेगळी ठेवतं, कुठल्याही सॉफ्टवेअरला परस्पर ‘होय’ दाबता येऊ नये म्हणून. तिथे तुम्हीच खरा माउस वापरा. टायपिंगसाठी विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो, त्यावर एलबीने क्लिक करायचं. क्लिक लागला नाही तर अँटीमायक्रोएक्स ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. हेच तीन की डी-पॅडच्या डावीकडच्या बटणाला देऊन टाका. मराठीत शोधायचं असेल तर क्रोममध्ये गुगलच्या माइकवर क्लिक करून बोलू दे. त्यासाठी कॉम्प्युटरला माइक लागेल, साधा वायरवाला हेडसेट चालतो.