'किल जॉय' तुम्ही कधी वाचलंत? आधी, मध्ये की शेवटी?

होली जॅक्सनच्या 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' मालिकेतलं हे छोटं पुस्तक. गोष्ट पहिल्या भागाच्या जरा आधीची, पण आलं दुसऱ्या भागानंतर, फेब्रुवारी २०२१मध्ये. लेकीने (वय १४) संच फोडल्या फोडल्या सगळ्यात बारीक म्हणून हेच उचललं आणि मी हातातून काढून घेतलं. दोन दिवस अबोला. माझं चुकलं का? आपापले अनुभव लिहा. तिसऱ्या भागातलं काही फोडू नका, ती हा धागा वाचते.

*

चुकलंच. आम्ही स्लाउला राहतो. इथे वर्ल्ड बुक डेला मुलांना शाळेतून एक पौंडाचं टोकन मिळतं, त्यावर ठरलेल्या पुस्तकांपैकी एक घेता येतं. २०२१ला त्यांत हे होतं. म्हणजे मालिकेचं नावही न ऐकलेल्या पोरांच्या हाती पडावं म्हणूनच निघालेलं! माझा मुलगा तोवर फक्त फुटबॉलची मासिकं चाळायचा. एका रात्रीत हे संपवलं आणि सकाळी तोंड धुवायच्या आधी विचारतो, "आई, सॅल सिंगने खरंच मारलं का गं तिला?" (सॅल म्हणजे आपल्या मैत्रिणीच्या, अँडी बेलच्या, खुनाचा आळ असलेला मुलगा. पहिला भाग त्यावरच आहे.) पुढचे भाग पूर्ण किमतीला घ्यावे लागले, ते जाऊ दे.

*

खून नाही की काही नाही. मित्रमंडळी १९२४ सालचे कपडे घालून खुनाचा खेळ खेळतात, संपलं. लायब्ररीतून आणलं म्हणून बरं.

*

मी तिन्ही भाग संपवून वाचलं आणि पस्तावले. मालिकेची नायिका पिप मित्राच्या, कॉनरच्या घरी जातानाच कुरकुरत असते, अभ्यास पडलाय म्हणून. मग खेळात अशी काही गुंतते की बाकीचे कंटाळले तरी ही सोडत नाही. पुढचं सगळं माहीत असताना ती पिप बघवत नाही हो.

त्यात जेमी. कॉनरचा मोठा भाऊ, खेळातला इन्स्पेक्टर. दुसऱ्या भागात तोच बेपत्ता होतो. तो भाग वाचताना माझ्यासाठी तो नुसता नावापुरता होता. इथे आधी भेटला असता तर जीव टांगणीला लागला असता. म्हणून माझ्या मते दुसऱ्याच्या आधी कधीही वाचा.

आणि वरच्यांना: खून नाही, पण खेळाच्या पुस्तिकेतलं उत्तर पिपला पटत नाही, तिचं स्वतःचं वेगळंच असतं. सगळ्यांनी मान्य केलेलं उत्तर चूक असलं तर? तिथून तिचं डोकं पाच वर्षांपूर्वी पोलिसांनी मिटवलेल्या सॅलच्या प्रकरणाकडे वळतं. पहिला भाग तिथेच सुरू होतो.

*

अवांतर: मी न्यू जर्सीत, बहीण ठाण्यात, फोनवर एकत्र वाचत होतो. माझं गाव फेअरव्ह्यू, कनेटिकट. तिचं लिटल किल्टन, बकिंगहॅमशर. अमेरिकी आवृत्तीत गावच बदललंय हे कळेपर्यंत अर्धा तास भांडलो.

*

धागाकर्ती: आभार. काल पुस्तक परत दिलं. आता ती जेमीबद्दल लिहिणाऱ्या ताईंवर रुसली आहे. मी तिसरा भाग फोडू नका म्हटलं, दुसऱ्याचं राहिलंच.