एमएमएच्या हेवीवेटमध्ये खरे तगडे गडी हायेतच किती?

शहापूरकर:
वाचायच्या आधीच शिव्या घालू नका. आपल्या भागात कुस्तीचं वेड, त्यामुळं पोरं एमएमएकडं (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं ती पिंजऱ्यातली लढत) लगेच ओढली जातात, त्यात वाईट काय नाही. पण आमच्या कट्ट्यावर आता ठरूनच गेलंय की एमएमएचा हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनाच्या गटाचा, चॅम्पियन म्हणजे जगातला सगळ्यात दांडगा माणूस आणि बॉक्सर म्हणजे नुसते हात चालवणारे. माझं म्हणणं उलटं आहे. हेवीवेट हा एमएमएमधला सगळ्यात कच्चा गट, आणि बॉक्सिंगची शान म्हणजेच हेवीवेट.

आता बघा, सव्वासहा फूट उंच, 110 किलो वजन आणि तरी पाय हलके असा पोरगा जगात मुळात मिळतो किती, आणि मिळाला तर त्याला बास्केटबॉलवाले ओढणार, अमेरिकन फुटबॉलवाले ओढणार, रग्बी, बॉक्सिंग, आणि एवढ्यातनं उरला तर एमएमए. यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या कंपनीत, हेवीवेटचा पट्टा लागोपाठ राखायचा विक्रम माहीत आहे किती? तीन वेळा. स्टीपे मिओचिचचा, 2018 चा, अजून कुणी मोडला नाही. बॉक्सिंगमध्ये जो लुईसनं 25 वेळा राखला होता. रँडी कूचर 43 व्या वर्षी, 2007 ला, परत चॅम्पियन झाला. जॉन जोन्स खालच्या वजनातनं आला, तोही तीन वर्षं लढला नव्हता, आणि मार्च 2023 मध्ये सिरिल गानचा पहिल्याच राउंडमध्ये गळा आवळून पट्टा घेऊन गेला. असा कुठला गट असतो?

कंग्राळीचा मल्ल:
तीनदाच राखला म्हणजे कच्चा? उलट हाय की मर्दा. बॉक्सिंगचा ग्लोव्ह 10 औंसाचा, एमएमएचा 4 औंसाचा, बोटं उघडी, त्यात लाथ हाय, कोपर हाय, गुडघा हाय, पट (पाय धरून पाडणं) हाय, गळा आवळणं हाय. हरायच्या वाटा दहा, तिथं 25 वेळा कोण राखतंय? आणि बॉक्सरची गोष्ट काढलास म्हणून सांगतो, 2010 ला बोस्टनमध्ये जेम्स टोनी उतरला होता यूएफसीत. तीन वजनांत वर्ल्ड चॅम्पियन झालेला बॉक्सर. समोर कोण, तर तुझाच तो म्हातारा कूचर, तेव्हा 47 वर्षांचा. कूचरनं काय केलं, ठोसा मारायच्या भानगडीतच पडला नाही, खाली वाकून घोट्यापाशी एकेरी पट धरला आणि टोनी पाठीवर. आपल्या तालमीतलं पंधरा वर्षांचं पोरगंसुद्धा असल्या पटाला लगेच पाय मागं टाकून छातीचं वजन वर देतं, टोनीला ते सुचलंच नाही, कारण जन्मात कधी कुणी त्याचा पाय धरलाच नव्हता. पहिल्याच राउंडमध्ये मानेभोवती हात आवळला आणि विषय संपला.

कॅम्पातला बॉक्सर:
टोनीचं सगळेच सांगतात, रे मर्सरचं कोण सांगत नाही 😂
बॉक्सिंगमधला 1988 चा ऑलिम्पिक गोल्ड मेडलिस्ट. 2009 ला टिम सिल्वियाबरोबर लढला, सिल्विया म्हणजे यूएफसीचा माजी हेवीवेट चॅम्पियन, सहा फूट आठ इंच. नियम एमएमएचे. मर्सर 48 वर्षांचा. सिल्वियानं एक लाथ मारली आणि मर्सरनं एक उजवा, नऊ सेकंदात खेळ खल्लास. मग म्हातारे बॉक्सर भारी असं म्हणायचं का? एका लढतीवरनं असं काय ठरत नसतं.

खानापूर जंगल:
मुद्द्याचं बोला की, फ्युरी–एनगानू कोण काढत नाही अजून. 28 ऑक्टोबर 2023, रियाध. फ्रान्सिस एनगानू, यूएफसीचा हेवीवेट पट्टा सोडून गेलेला माणूस, प्रोफेशनल बॉक्सिंगची पहिलीच लढत, आणि समोर टायसन फ्युरी, बॉक्सिंगच्या चार मोठ्या पट्ट्यांतल्या डब्ल्यूबीसीचा चॅम्पियन. तिसऱ्या राउंडमध्ये डावा हूक बसला आणि फ्युरी खाली. पहिल्याच लढतीत पाहुण्यानं चॅम्पियनला त्याच्याच नियमात पाडलं, आणि तुम्ही म्हणताय एमएमएचं हेवीवेट कच्चं. दहा राउंडनंतर स्प्लिट डिसिजननं फ्युरीला दिली, म्हणजे तीनातल्या एका जजनं एनगानूला जिंकवलं होतं.
आणि हे बघा, फ्युरी पडल्यावर रेफरीनं एनगानूला बाजूला पाठवलं आणि आकडे मोजत बसला. तीच पडझड पिंजऱ्यात झाली असती तर 120 किलोचा गडी छातीवर बसला असता. बॉक्सिंगमध्ये पडल्यावर श्वास घ्यायला वेळ मिळतो, हीच तर मोठी सवलत.

शहापूरकर:
मग पुढचं पण सांग की, तिथंच का थांबलास? 8 मार्च 2024, तेच रियाध, तोच एनगानू, समोर अँथनी जोशुआ. पहिल्या राउंडमध्ये पडला, दुसऱ्यात परत पडला, आणि तिसऱ्यांदा उजवा बसला तेव्हा सरळ आडवा. फ्युरी त्या दिवशी सुस्त होता, पोट सुटलेलं, तयारी अर्धवट, ते सगळ्यांना दिसत होतं. जोशुआनं अभ्यास करून आलेल्यासारखं संपवलं. आणि जोशुआ त्या वेळी चॅम्पियन पण नव्हता. उसिक नावाच्या बॉक्सरनं त्याला दोनदा हरवलेलं होतं. म्हणजे बॉक्सिंगमध्ये पहिल्या नंबरच्या खालचा माणूस एमएमएच्या सगळ्यात खतरनाक माणसाला दोन राउंडमध्ये झोपवतो. याला म्हणतात गट पक्का असणं.

कंग्राळीचा मल्ल:
बॉक्सिंगच्या नियमात!! जोशुआला पिंजऱ्यात आण आणि बघ. एनगानूला पण 2018 ला मिओचिचनं पट काढून काढून पाच राउंड दमवून हरवलेलं हाय, ठोसा त्याचा जगात भारी होता तेव्हा पण. दम गेला की ठोसा कुठला आणि काय. मैदानात बघतोस की, पाच मिनिटं खडाखडी झाली की 120 किलोच्या पैलवानाचं तोंड उघडं पडतंय.

निपाणीची तंबाखू:
मी दोन्ही बघतो आणि दोन्हीचा वैताग येतो. बॉक्सिंगमध्ये पट्टे चार, प्रमोटर दहा, वकील पन्नास. 2021 ला फ्युरी आणि जोशुआ दोघं मिळून चारी पट्टे धरून बसलेले, लढत ठरली म्हणून जाहीर केलं आणि मग लवादाचा निकाल आला की फ्युरीनं आधी वाइल्डर या बॉक्सरबरोबर तिसरी लढत करायची, झालं, गेली. जुना चॅम्पियन लेनॉक्स लुईस, त्याच्यानंतर सगळे पट्टे एकाच्या कमरेला यायला 2024 उजाडलं, उसिकनं मे महिन्यात फ्युरीला हरवलं तेव्हा.
यूएफसीत मालक एक, तो म्हणेल ती जोडी लागते असं म्हणायचे. मग टॉम अ‍ॅस्पिनॉल 2023 च्या नोव्हेंबरपासून हंगामी पट्टा घेऊन का बसला होता? जोन्सची वाट बघत. जोन्स मिओचिचबरोबर लढला, 42 वर्षांच्या, आणि 2025 ला निवृत्ती सांगून मोकळा. पट्टा आयताच अ‍ॅस्पिनॉलकडं. मग ऑक्टोबरला गानबरोबर पूर्ण चॅम्पियन म्हणून पहिली लढत, तर पहिल्याच राउंडमध्ये डोळ्यात बोट गेलं, निकाल नाही. उघड्या बोटांचा ग्लोव्ह, त्याचं कौतुक वर केलंय कुणीतरी 🙏

कंग्राळीचा मल्ल:
ते बोटाचं मान्य, ग्लोव्ह बदला म्हणून पैलवान लोकच बोंबलालेत.

खानापूर जंगल:
शहापूरकर, तुमचा वयाचा मुद्दा पण लंगडा आहे. जॉर्ज फोरमन 1994 ला 45 व्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन झाला, तो काय एमएमएमध्ये का? आणि जोन्स खालच्या वजनातनं आला म्हणून गट कच्चा, तर उसिक कुठनं आला? क्रूझरवेटमधनं, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटातनं. तिथले सगळे पट्टे 2018 ला गोळा केले आणि वर आला, आणि वर येऊन तुमच्या पक्क्या गटातल्या सगळ्यांना हरवलं. एकच माप दोघांना लावा.

शहापूरकर:
उसिकचं माप वेगळं आहे. फ्युरीबरोबरच्या पहिल्या लढतीत वजनात जवळजवळ 40 पौंडाचा फरक, दुसऱ्या वेळी त्याहून जास्त. तरी बारा राउंड तो पुढं पुढं येत होता, डावखुरा, सतत पाय हलते, अंगावर डावा टाकायचा मग वर. नवव्या राउंडमध्ये फ्युरीला असा कोपऱ्यात धरला की दोरीनं सांभाळला म्हणून उभा राहिला, रेफरीला आकडे मोजायला लागले. ते एका फटक्यात मिळालेलं नाही, आठ राउंड अंगावर मारून मारून मिळालेलं आहे. जोन्सला गानसाठी दोन मिनिटं पुरली. दोन मिनिटांत ज्याला साधा पकडीतनं सुटायचा डाव येत नाही तो दावेदार कसला, सांगा.
फोरमनचं मान्य. पण तो एकटा.

कॅम्पातला बॉक्सर:
आणि पैशाचं कोण बोलणार? एनगानू पट्टा सोडून गेला तो हौसेनं गेला का. पैलवानांनी यूएफसीवर कमी पैसे देतात म्हणून केस घातली, 375 मिलियन डॉलरवर मिटली. उंच धिप्पाड पोरगं दोन्ही दरवाजे बघतं, जिकडं खुराक जास्त तिकडं जाणार. शहापूरकरांचा मूळ मुद्दा तिथंच खरा आहे.

कंग्राळीचा मल्ल:
मग खुराक वाढवा, गडी येतील. नियमात दोष नाही हाय, पाकिटात हाय.

निपाणीची तंबाखू:
होगली बिडो, जाऊ दे, हे रात्रभर चालणार. 2022 ला सिंगापूरला एमएमएचा डिमिट्रियस जॉन्सन आणि मुए थाईचा (थायलंडची ठोसे-लाथांची लढत) रॉडटांग यांची लढत झाली होती तसं करा, पहिला राउंड मुए थाईचा, दुसरा एमएमएचा. छोट्या वजनाचे गडी होते, जॉन्सननं पहिला राउंड अंगावर काढला आणि दुसऱ्यात गळा आवळला. तसंच उसिक आणि अ‍ॅस्पिनॉलला द्या, पहिला बॉक्सिंगचा.

शहापूरकर:
चालतंय. दुसरा राउंड होणारच नाही.

कंग्राळीचा मल्ल:
मग पहिला एमएमएचा ठेवा की, घाबरालास कशाला 😄

कॅम्पातला बॉक्सर:
टॉस करा रे.