अ‍ॅस्परॅजिनेज पुन्हा सुरू करण्यापूर्वी स्वादुपिंडाची काळजी कशी घ्यावी?

सप्रेम नमस्कार. माझ्या भाच्याला (वय ११) दिवाळीनंतर अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) निदान झाले. बहिणीचे घर तासगावच्या पुढे असून उपचार मिरजेत चालू आहेत.

पहिल्या टप्प्यात व्हिन्क्रिस्टीन, डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आणि एल-अ‍ॅस्परॅजिनेज ही औषधे होती. तिसऱ्या आठवड्यात त्याचे पोट दुखू लागले. व्हिन्क्रिस्टीनमुळे शौचास घट्ट होते हे आधीच ऐकलेले असल्याने, त्यामुळेच दुखत असेल असे समजून घरच्यांनी एक रात्र काढली. मात्र पहाटे उलट्या सुरू होऊन कळ पाठीकडे जाऊ लागली, तेव्हा गाडी करून मिरज गाठली. रक्तातील लायपेज (स्वादुपिंडाचे पाचक विकर) सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक होते आणि सोनोग्राफीत स्वादुपिंडाला सूज दिसली. सुदैवाने सलाइनवर दोन दिवसांत दुखणे उतरले.

दाह सौम्य होता, म्हणून अ‍ॅस्परॅजिनेज पुन्हा देता येईल, तीव्र असता तर ते कायमचे बंद करावे लागले असते, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. या रोगातील पेशींना अ‍ॅस्परॅजिन (वाढीला लागणारे अमिनो आम्ल) स्वतःपुरते तयार करता येत नाही आणि हे औषध रक्तातील साठाच मोडून टाकते, त्यामुळे ते सोडले तर रोग उलटण्याची भीती, आणि घ्यावे तर पुन्हा तेच दुखणे उद्भवण्याची, अशा पेचात आम्ही आहोत.

दाह नक्की टाळणारे असे सिद्ध झालेले औषध नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तरीही ज्यांच्या मुलांना हे औषध दुसऱ्यांदा दिले गेले, त्यांनी काय सांभाळले हे जाणून घ्यायचे आहे. स्टेरॉइड आणि अ‍ॅस्परॅजिनेज एकत्र असताना ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) आणि साखर दोन्ही वाढू शकतात. तुमच्याकडे या तपासण्या प्रत्येक इंजेक्शनपूर्वी होत होत्या का? लक्षणे नसताना लायपेज वारंवार तपासून फारसा अंदाज येत नाही असे समजले, मग घरी नेमके कशावर लक्ष ठेवले? आहारात तेल-तूप किती कमी केले? (स्टेरॉइडमुळे पोराला सारखी भूक लागते, आणि भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन येतो. नको म्हटले की आजीला वाईट वाटते.)

आणखी एक. रात्री पोटात दुखल्यास वेदनाशामक गोळी देऊन वाट पाहावी, की काहीही न देता थेट निघावे? मिरजेला पोहोचायला तास-सव्वा तास लागतो, म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी मोठा आहे.

कृपया काढे आणि चूर्णे सुचवू नयेत. यकृतावर आधीच ताण आहे. पुढचे इंजेक्शन सोमवारी आहे आणि शनिवारी डॉक्टरांची भेट ठरली आहे, तेव्हा त्यांना विचारायचे प्रश्न राहून जात असतील तर तेही अवश्य लिहावे.