एमजीबीत व्ही-८ बसवायचं का?

ओव्हरड्राइव्ह:

चार महिने हा प्रश्न डोक्यात घेऊन फिरतोय. घरात आता कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितो.

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. माझ्याकडे १९७१ ची एमजीबी जीटी आहे, क्रोम बंपरवाली. गाडी माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० ही गाडी बनली, उघडी रोडस्टर आणि छपराची जीटी मिळून पाच लाखांवर. इंजिन १७९८ सीसी, चार सिलिंडर, लोखंडी ब्लॉक, ऐन उमेदीत ९५ अश्वशक्ती. माझ्या इंजिनाची उमेद सरली आहे. ऑइल पितं, चढावर निळा धूर सोडतं आणि मोटरवेवर ट्रकवालेसुद्धा मागून दिवे मारतात.

ओळखीतला एकजण रोव्हर एसडी-१ मोडीत काढतोय. तिचं साडेतीन लिटरचं व्ही-८, म्हणजे व्ही आकारातलं आठ सिलिंडरचं इंजिन, आणि पाच गिअरचा बॉक्स मला जवळजवळ फुकट देतोय. माझा कल बसवून टाकण्याकडे आहे. कारण हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. १९७० च्या सुमारास केंटमधल्या केन कॉस्टेलो नावाच्या रेसिंग ड्रायव्हरने एमजीबीत हेच इंजिन बसवून गाड्या विकायला सुरुवात केली. ते पाहून एमजी आणि रोव्हर दोन्हींची मालक ब्रिटिश लेलँड जागी झाली आणि १९७३ मध्ये कंपनीने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ काढली. म्हणजे हा बदल कारखान्यानेच मान्य केलेला आहे. यावर कुणाचा आक्षेप असेल तर सांगा. भांडायला वेळ आहे, गॅरेजमध्ये थंडी आहे.

मूळपुरुष:

आक्षेप आहे. नका करू.

ट्रायम्फ स्टॅग आठवा. १९७० ची गाडी, तिचं स्वतःचं तीन लिटरचं व्ही-८. तापायची, हेड वाकायचं, गॅस्केट जायचं. लोक वैतागले आणि मूळ इंजिन काढून त्यांनी त्यात हेच तुमचं रोव्हर व्ही-८ बसवलं, कुणी फोर्डचं व्ही-६ बसवलं. शहाणपणाचं काम केलं असंच सगळ्यांना वाटलं. पुढे लोकांनी ते इंजिन नीट समजून घेतलं. पाण्याचा पंप फार वर बसवलेला, त्यामुळे पातळी थोडी उतरली की पंप कोरडा. काही ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत ओतकामाची वाळू तशीच राहिलेली. आत स्वच्छ करून, रेडिएटर चांगला घालून आज मूळ इंजिनाच्या स्टॅग सुखाने पळतात, आणि इंजिन बदललेल्या गाड्यांना बाजारात भाव कमी. ज्यांनी मूळ इंजिन भंगारात घातलं ते आता तेच शोधत फिरतात.

तुमचं इंजिन ऑइल पितं म्हणून गाडीचं हृदय बदलायचं? आधी ते खोला.

नाशिकचा फिटर:

मूळपुरुष साहेब, हृदय वगैरे म्हणताय म्हणून बोलतो. एमजीबीचं इंजिन म्हणजे एमजीची तेव्हाची मालक कंपनी बीएमसी, तिचं बी-सिरीज. आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. एमजीबीच्या आधीची एमजीए १९५५ मध्ये आली तेव्हा तिच्यातही हेच १४८९. म्हणजे ज्याला तुम्ही स्पोर्ट्स कारचा आत्मा म्हणता, त्याच्याच सख्ख्या भावाने आमच्याकडे चाळीस वर्षं टॅक्सी चालवली, लग्नाची वऱ्हाडं वाहिली, आमदार फिरवले. ॲबिंग्डनवाल्यांनी शेल्फवर होतं ते उचललं आणि दोन कार्ब्युरेटर लावले. मग त्यांच्या दुसऱ्या शेल्फवरचं आपण उचललं तर धर्म कुठे बुडतो?

इंजिन चांगलं आहे, याबद्दल वाद नाही. चिवट आहे. हातोडी आणि पाना असला की रस्त्याच्या कडेला उघडता येतं. पण पूजा करण्यासारखं काही नाही त्यात.

रेव्ह काउंटर:

+१ फिटर. आणि एसी कोब्रा ही स्पोर्ट्स कार कुठून आली? एसी कंपनीची टेम्स डिटनला बनणारी ‘एस’ नावाची गाडी, तिला ब्रिस्टलचं दोन लिटरचं इंजिन. ब्रिस्टलने ते बनवणं बंद केलं, अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने १९६२ मध्ये त्याच सांगाड्यात फोर्डचं व्ही-८ घातलं. आज एस कुणाला आठवते? मोठं इंजिन घालणं हीच ब्रिटिश स्पोर्ट्स कारची जुनी परंपरा आहे. जपून ठेवायचीच असेल तर तीही जपा.

मूळपुरुष:

एस मला आठवते, आणि ती कोब्रापेक्षा देखणी आहे. पण तो वाद वेगळा.

शेल्बीने नव्या गाड्या बनवल्या. कॉस्टेलोनेही त्या काळच्या ताज्या गाड्यांत काम केलं. आपण पन्नास वर्षं टिकून राहिलेली वस्तू कापतोय. नवं लुगडं फाडून झबलं शिवणं वेगळं आणि आजीची पैठणी फाडून शिवणं वेगळं.

रेव्ह काउंटर:

पाच लाखांतल्या एका गाडीला पैठणी म्हणू नका हो. सुती नऊवारी म्हणा फार तर. रोज नेसायची.

लोखंडी ब्लॉक:

मला वाटतं इथे कुणीच मुद्द्याला हात घालत नाहीये. मुद्दा वजनाचा. एमजीसी विसरलात? १९६७ ला कंपनीनेच बीमध्ये, म्हणजे एमजीबीमध्ये, २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं लोखंडी धूड बसवलं. ते मावावं म्हणून पुढचं सस्पेन्शन बदललं, बॉनेटला टेंगूळ आलं. एवढं करून गाडी वळणावर सरळच जायला बघायची. दोन वर्षांत बंद. बीची सगळी गंमत नाकात आहे, हलकी आणि आज्ञाधारक. तिथे आठ सिलिंडर कोंबले की ती गेली.

ओव्हरड्राइव्ह:

लोखंडी ब्लॉक, इथे मात्र तुमचं नाव तुम्हाला फसवतंय. रोव्हरचं व्ही-८ ॲल्युमिनियमचं आहे. मूळ १९६१ चं ब्यूइकचं, जनरल मोटर्सने सोडून दिलेलं, रोव्हरने साठच्या दशकाच्या मध्यात त्याचे हक्क घेतले. बीच्या चार सिलिंडरच्या लोखंडापेक्षा ते जड तर नाहीच, उलट किंचित हलकंच भरतं. एमजीसीचं दुखणं इथे लागू होत नाही. कॉस्टेलोचं डोकं नेमकं इथेच चाललं.

लोखंडी ब्लॉक:

बरं, वजनाचं मागे घेतो. बाकीचं नाही. बीचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या खाली जे गुरगुरतं, गिअर टाकताना जो ठोका देतं, त्यावरून डोळे मिटूनही गाडी ओळखता येते. व्ही-८ घातलेली बी ऐकली आहे. छान आवाज आहे. रेंज रोव्हरचा आहे.

पत्र्याचं काम:

आवाजाचं नंतर बघू, आधी पत्र्याचं बोलू. मी अशा दोन गाड्यांना हात लावलाय, म्हणून लिहितो.

ओव्हरड्राइव्ह भाऊ, तुमची गाडी १९७१ ची. तिथेच गोम आहे. १९७४ च्या शेवटापासून रबर बंपरवाल्या ज्या गाड्या आल्या, त्या सगळ्यांचा पुढचा सांगाडा कंपनीने व्ही-८ ला चालेल असाच ठेवला, मग आत इंजिन चारचं असो की आठचं. त्यांच्यात व्ही-८ जवळपास बिनतक्रार उतरतं. तुमच्या क्रोम बंपरवालीत इंजिनमागची भिंत ठोकावी लागते आणि बाजूचे पत्रे सारावे लागतात. सायलेन्सरचे पाइप ब्लॉकला घट्ट चिकटवून न्यायचे, किंवा आतल्या मडगार्डला भोकं पाडून बाहेर काढायचे. चिकटवून नेले तर इंजिनखाना भट्टी होतो. भोकं पाडली तर मूळ पत्रा कायमचा गेला. स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो, ऑइल फिल्टर दुसरीकडे न्यावा लागतो, पंखे विजेचे लावावे लागतात.

आणि एवढ्यावर भागत नाही. तुमच्या मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.९. कारखान्याने व्ही-८ ला ३.०७ दिलं होतं. ते बदललं नाही तर पहिला गिअर फक्त भिंत चढायला उपयोगी. ब्रेकच्या डिस्क जाड हव्यात, कॅलिपर मोठे हवेत. कारखान्याने चाकंसुद्धा वेगळी दिली होती. लोक म्हणतात इंजिन फुकट मिळालं. अहो, इंजिन फुकटच मिळतं, पैसे बाकीच्याचे पडतात.

माझं मत विचाराल तर रबर बंपरवाली शोधा. अमेरिकेच्या नियमांपायी ती दीड इंच उंच करून ठेवली, शौकीन नाकं मुरडतात, म्हणून स्वस्त मिळते. तिच्यात घाला व्ही-८, कुणाचा शाप लागणार नाही.

नाशिकचा फिटर:

पत्र्याचं काम यांच्याशी सहमत. मगाशी मी धर्म बुडत नाही म्हणालो, पण गाडी बुडू शकते. आमच्या वडिलांनी अँबॅसिडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल टाकलं होतं, त्या काळी बरेच टाकत. डिझेल स्वस्त, हिशेब बरोबर होता. पण पुढच्या स्प्रिंगा बसल्या, इंजिनाचे माउंटिंग दर सहा महिन्यांनी फाटायचे आणि घाटात उतरताना वडील खालच्या गिअरवर गाडी धरून मनातल्या मनात रामरक्षा म्हणायचे, कारण ब्रेक तेच जुने. इंजिन बदललं आणि बाकी काहीच नाही बदललं. शेवटी विकताना घेणारा पहिल्यांदा बॉनेटच उघडून बघायचा आणि निघून जायचा.

तेव्हा घालायचं तर सगळं घाला. अर्धं काम करू नका.

ऑक्सफर्डची काकू:

मी यातली तज्ज्ञ नाही, नवऱ्याच्या जीटीत शेजारी बसून नकाशा वाचायचं काम बावीस वर्षं केलंय. कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण आमच्या घरी हे कागद मीच बघते.

इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ आणि एमओटीची, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणीही माफ. पण गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल केला असेल तर तपासणीची माफी जाते. मूळ इंजिनाचीच वेगळी सीसी किंवा त्या मॉडेलला कंपनीने दिलेलं दुसरं इंजिन हा मोठा बदल धरत नाहीत. सिलिंडरची संख्या बदलली तर ते कंपनीचं पर्यायी इंजिन नसावं, असा साधारण अंदाज धरतात, पण तो अंतिम नियम नाही. बी जीटीला कंपनीनेच व्ही-८ दिलं होतं, म्हणजे तुम्हाला म्हणायला जागा आहे. पत्रा कापलात तर मात्र प्रकरण इंजिनापुरतं राहत नाही. आणि माफी असो नसो, वर्षातून एकदा तपासून घ्या. दुप्पट ताकदीची गाडी न तपासता चालवणाऱ्याच्या शेजारी मी तरी बसणार नाही.

रेव्ह काउंटर:

काकू, दुप्पट नाही हो. कारखान्याच्या व्ही-८ ला १३७ अश्वशक्तीच होती, रेंज रोव्हरचं कमी कॉम्प्रेशनचं इंजिन दिलं होतं. कॉस्टेलोच्या गाड्या त्यापेक्षा जोरकस. ओव्हरड्राइव्हकडचं एसडी-१ चं १५५ चं आहे.

ऑक्सफर्डची काकू:

म्हणजे दीडपटीच्या वर. मग पाठीमागच्या सीटवर बसेन.

मूळपुरुष:

काकूंचा मुद्दा भारतात आणखी कडक लागतो. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात ठळक बदल नसेल तरच. आपल्या आरटीओत तर मूळ इंजिन नंबर पुसट झाला तरी माणसाची चप्पल झिजते. पुण्या-मुंबईत कुणी हा धागा वाचून हात शिवशिवत असतील तर थांबा.

आणखी एक. व्ही-८ घातलेल्या गाड्या पुढे खोटं बोलायला लागतात. तुम्ही नाही, तुमच्यानंतरचा मालक. कारखान्याच्या खऱ्या जीटी व्ही-८ फक्त २,५९१. तेलाचं संकट आलं आणि १९७६ ला सगळं आटोपलं. त्यांचा चासी नंबर जीडी२डी१ ने सुरू होतो, म्हणून ओळखता तरी येतात. सनबीम टायगरची कथा बघा. आपल्याच ॲल्पाइन नावाच्या गाडीत फोर्ड व्ही-८ घालून सनबीम कंपनीने १९६४ ला टायगर काढली. मग लोकांनी घरी ॲल्पाइनच्या टायगर केल्या, इतक्या की अशा गाड्यांना ‘अल्जर’ असं नावच पडलं आणि खरी कोणती ते ठरवायला जाणकारांची समिती बसवावी लागली.

रेव्ह काउंटर:

पुढचा मालक खोटं बोलेल म्हणून आजच्या मालकाने मजा करायची नाही, हा न्याय अजब आहे.

मूळपुरुष:

अजब असेल. पण मी एकदा तसा पुढचा मालक झालो आहे. पैसे मोजून. त्याविषयी इथे जास्त बोलणार नाही.

लोखंडी ब्लॉक:

हे आधी नाही सांगितलंत.

ओव्हरड्राइव्ह:

सगळ्यांचं वाचलं. मूळपुरुष यांचं ‘आधी खोला’ मनाला लागलं होतं, म्हणून शनिवारी कॉम्प्रेशन पाहिलं. चारातले तीन सिलिंडर बरे निघाले. तिसऱ्या नंबरचा मात्र पार बसलेला. हेड काढलं तर तिसऱ्याची रिंग तुटून भिंतीवर ओरखडा. म्हणजे ऑइल पिणारा एकच होता, बदनाम चौघं झाले.

रविवारी एसडी-१ चं इंजिन ट्रॉलीवर ठेवून जीटीच्या पुढे नेलं आणि नुसतं मापं घेत बसलो. पत्र्याचं काम यांनी सांगितलेली प्रत्येक जागा खडूने आखली. खडूच्या रेघा बघितल्यावर कटर हातात घ्यायची इच्छा राहिली नाही. १९७१ चा पत्रा अजून तिथे कुणी न ठोकलेला आहे, वेल्डिंगचा एक टाका नाही. मला ते आधी दिसलंच नव्हतं.

तेव्हा बी-सिरीज बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून रुंद करून, १९५० सीसीवर नेतो, हेडचं काम करून घेतो, कॅम जरा तिखट टाकतो. बाहेरून काही कळणार नाही. व्ही-८ साठी रबर बंपरवाली शोधायला लागलो आहे, पण घरी अजून सांगितलेलं नाही.

रेव्ह काउंटर:

चुकीचा निर्णय आहे, नोंद असू द्या. १९५० करून मोटरवेवर ट्रकवाला दिवे मारायचा थांबेल एवढंच. खडूच्या रेघांना घाबरलात.

पत्र्याचं काम:

खडू पुसता येतो, रेव्ह. तीच तर सोय आहे त्यात.

नाशिकचा फिटर:

बोअर केल्यावर पहिले हजार मैल साध्या मिनरल ऑइलवर काढा, महागडं सिंथेटिक नको, रिंगा बसत नाहीत. आणि ते व्ही-८ शेडमध्ये पडणार असेल तर प्लग काढून प्रत्येक बोअरमध्ये थोडं ऑइल सोडा, महिन्यातून एकदा पान्याने फिरवा. इंग्लंडच्या ओलीत आठ महिन्यांत गंजून जाम झालेलं इंजिन मी फोटोत पाहिलंय. मग रबर बंपरवाली मिळूनही उपयोग नाही.