ऑफिससाठी डेटाबेसचं एकच पुस्तक घ्यायचंय, कमांडचं जाड घ्यावं का पाया पक्का करणारं?

वाळूजचा_गडी
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. वाळूज एमआयडीसीत आमची छोटी टीम हाय, 5 डेव्हलपर अन् डेटाबेस सांभाळणारा मी एकटा. काही क्लायंट माय एसक्यूएलवर, दोघं ओरॅकलवर, म्हणजे डेटाबेसची दोन वेगळी सॉफ्टवेअर. साहेब म्हणाले एक रेफरन्स पुस्तक आणून टेबलावर ठेवा, सगळ्यांनी तेच बघायचं. मला वाटतं तीन-चार डेटाबेसच्या कमांड शेजारी-शेजारी देणारं जाड पुस्तक घ्यावं, कारण आमची रोजची अडचण तीच हाय. परवा एका पोरानं ओरॅकलवर सगळ्यात जास्त ऊस घातलेले 10 शेतकरी काढायला रोनम (ओळींना नंबर देणारा शब्द) लावला अन् त्याच क्वेरीत (डेटा मागणाऱ्या कमांडमध्ये) खाली ऑर्डर बाय (क्रम लावणारा शब्द), रिपोर्टात भलतीच 10 नावं आली. रोनमचा नंबर सॉर्टिंगच्या आधीच पडतो, आधी आतल्या क्वेरीत सॉर्ट करून मग बाहेर रोनम लावावा लागतो, हे त्याला माहीत नव्हतं. तो माय एसक्यूएलच्या लिमिटसारखंच समजून बसला, ते सॉर्ट झाल्यावर वरच्या तेवढ्याच ओळी देतं. असं पुस्तक हाताशी असतं तर दोन मिनिटात कळलं असतं. तुमचं काय मत?

लातूरकर_डीबीए
भाऊ, कमांडचं जाड पुस्तक घेऊ नका, मी भोगलंय म्हणून सांगू लालो. माझ्याकडं माय एसक्यूएल 5 च्या काळातलं एक पुस्तक होतं, त्यात क्वेरी कॅशवर (आधीच्या क्वेरीचं उत्तर साठवून परत देण्याची सोय) अख्खं प्रकरण. एका साखर कारखान्याचा सर्व्हर स्लो झाला, गाळप ऐन जोरात, मी पुस्तकात बघून क्वेरी कॅश साईजची ओळ कॉन्फिग फाईलमध्ये टाकली अन् रात्री 2 ला सर्व्हिस रिस्टार्ट मारली. सर्व्हर उठायलाच तयार नाही. त्या सर्व्हरवर 8.0 होतं, आणि 2018 ला आलेल्या 8.0 मधून क्वेरी कॅश मुळासकट काढून टाकलेली, त्यामुळं ती ओळ दिसली की तो अननोन व्हेरिएबल म्हणून बंदच पडतो. काट्यावर ट्रॅक्टरची रांग, पावती निघेना, बाहेर ड्रायव्हर थंडीत कुडकुडत उभे. एरर लॉग वाचून ओळ काढली तेव्हा चालू झालं. छापलेलं पुस्तक छापल्या दिवशी थांबतं अन् डेटाबेस पुढं जातो. पैसे घालायचेच तर इंडेक्स (डेटा पटकन शोधायची सूची) कसा चालतो, लॉक (एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणं) कधी लागतो, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारी कामं) म्हणजे नेमकं काय हे समजावणारं घ्या. कमांडसाठी डॉक्युमेंटेशन आहेच की फुकट.

नांदेडची_डेव्हलपर
लातूरकर दादांशी सहमत. आमच्याकडं एक क्वेरी होती, व्हेअर मध्ये, म्हणजे अटीत, इयर(पावती_तारीख) = 2023 असं लिहिलेलं. तारखेवर इंडेक्स होता, तरी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर टाईप मध्ये ऑल, म्हणजे अख्खं टेबल वाचायलं. सिंटॅक्स शंभर टक्के बरोबर, म्हणून कुणालाच चूक दिसेना. इंडेक्समध्ये तारखा क्रमानं लावलेल्या असतात, आपण त्या तारखेला फंक्शनमध्ये गुंडाळलं की तो क्रम कामाचा राहत नाही. मग 1 जानेवारी 2023 पासून 1 जानेवारी 2024 च्या आत अशी अट लिहिली, लगेच इंडेक्स धरला. ही गोष्ट कमांडच्या पुस्तकात कुठल्या शब्दाखाली शोधणार सांगा? मला ती कॉलेजच्या कॉर्थच्या डेटाबेसवरच्या पाठ्यपुस्तकातलं बी-ट्रीचं (इंडेक्स ज्या रचनेत साठवतात तिचं) प्रकरण आठवलं म्हणून सापडली. तीन लेखकांतले सुदर्शन सर तर आयआयटी मुंबईचे. परीक्षेपुरतं वाचून आपण ते पुस्तक विकून टाकतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

जालना_ओरॅकलवाला
मला हे अजिबात पटलं नाही. ताई, तुमचा मुद्दा बरोबर हाय पण अर्धा. फंक्शनवरच इंडेक्स करता येतो, ओरॅकलमध्ये लई आधीपासून, आणि माय एसक्यूएलमध्ये 8.0.13 पासून. म्हणजे क्वेरी न बदलताही उपाय होता, अन् जिथं क्लायंटच्या जुन्या सॉफ्टवेअरचा कोडच हातात नाही तिथं तोच एक उपाय असतो. ही माहिती व्हर्जनसकट कुठं मिळणार? रेफरन्समध्येच ना? अजून एक घ्या, ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग (काहीच न लिहिलेला मजकूर) म्हणजे नल, किंमतच नाही, अन् नलला = लावून काहीच जुळत नाही. माय एसक्यूएलवरून आलेला पोरगा मोबाईल = '' अशी अट लिहितो, एकही ओळ येत नाही, एररही येत नाही. ज्यांचे मोबाईल नंबर भरलेले नाहीत ती यादी रिकामी बघून तो म्हणतो सगळ्यांचे भरलेत. पाया कितीबी पक्का असू द्या, हे अंदाजानं कळत नाही, कुठंतरी लिहिलेलंच वाचावं लागतं.
आणि डॉक्युमेंटेशन फुकट म्हणू लालेत, पण आमच्या प्लांटच्या सर्व्हर रूममध्ये इंटरनेट बंद, मोबाईल गेटवर जमा. तिथं कागदच कामाला येतो.

लातूरकर_डीबीए
सर, नेट नसलं तरी माय एसक्यूएल अन् पोस्टग्रेस (आणखी एक डेटाबेस) दोन्हीचं मॅन्युअल पीडीएफमध्ये मिळतं, आपल्या सर्व्हरवर जे व्हर्जन चालू तेच उतरवून सर्व्हरच्या डेस्कटॉपवर ठेवायचं. ओरॅकलचीही पुस्तकं पीडीएफमध्ये असतात. सर्व्हरचं अन् मॅन्युअलचं व्हर्जन एकच असणं हे कुठलं बाजारातलं पुस्तक देणार?

जालना_ओरॅकलवाला
हजारो पानांची पीडीएफ रात्री 2 ला उघडून तुम्ही काय शोधणार? शब्द माहीत असेल तरच शोधता येतं. चांगल्या पुस्तकात कुणीतरी दहा-वीस वर्षं काम केलेला माणूस बसून ठरवतो की हे महत्त्वाचं, हे सोडा, इथं लोक चुकतात. मॅन्युअल असं काही सांगत नाही, त्याला सगळं सारखंच. मला नव्या पोराच्या हातात ती निवड द्यायचीय.

परभणीचा_मास्तर
मी शिकवतो म्हणून पोरांच्या बाजूनं बोलतो. आपल्याकडची लई पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, 900 पानांचं इंग्रजी पुस्तक बघूनच दडपतात अन् ते कपाटात धूळ खातं. 200 पानांचं, एकाच विषयावरचं पुस्तक मात्र पूर्ण वाचतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. त्यामुळं जाड का पातळ हा प्रश्न साधा नाही. दुसरं, डेव्हलपर अन् डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) दोघांना एकाच पुस्तकात बसवायचं असेल तर मी आयसोलेशन लेव्हलचं, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनना एकमेकांचे बदल किती दिसतात त्याचं, प्रकरण उघडून बघतो. माय एसक्यूएलच्या इनोडीबीत (त्याच्या साठवणीच्या इंजिनात) डिफॉल्ट रिपीटेबल रीड, म्हणजे एका ट्रान्झॅक्शनमध्ये परत वाचलं तरी तेच दिसतं, ओरॅकलमध्ये रीड कमिटेड, म्हणजे दर क्वेरीला तोवर पक्के झालेले बदल दिसतात. तोच कोड एकीकडं वेगळं वागतो, दुसरीकडं वेगळं. हा फरक लेखकानं नीट, उदाहरण देऊन सांगितला असेल तर ते पुस्तक दोघांच्याही कामाचं. नुसतं टेबल काढून चार नावं टाकली असतील तर ठेवून द्या.

वाळूजचा_गडी
सर्वांचे आभार, मी आलो तेव्हा मनाशी पक्कं ठरवून आलो होतो, आता हललोय. शनिवारी औरंगपुऱ्यात दुकानं हिंडतो. आधी कव्हरवर व्हर्जन बघतो, मग मागची सूची उघडून डेडलॉक (दोन कामं एकमेकांच्या लॉकवर अडकणं), आयसोलेशन अन् रिस्टोर (बॅकअपमधून डेटा परत आणणं) हे तीन शब्द शोधतो, अन् मास्तर म्हणाले ते प्रकरण उभ्यानं वाचतो. आमच्या ओरॅकल-माय एसक्यूएलच्या फरकांची वही मात्र आपणच करावी म्हणतो, रोनमचं पान पहिलं.

जालना_ओरॅकलवाला
वही करा, जरूर करा. पण वहीत तेवढंच येतं जिथं तुम्ही एकदा ठेचकाळलात. जे अजून घडलंच नाही त्याचं पान कोण लिहिणार? मी अजूनही म्हणतो, जाडच घ्या, फक्त जुनं घेऊ नका.